गाळ बुटाले सोडत नाही : अभियांत्रिकीच्या मुलामुलींना खुलं पत्र

प्रति,
विदर्भातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतले आणि तंत्रनिकेतनांतले शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी, आणि त्यांना प्रकल्प सुचवणारे सर-मॅडम

विषय : पाण्यात, गाळात काम करणाऱ्या माणसाच्या पायासाठी जोडा

मुलांनो, मुलींनो,

मी गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. ढिवराच्या, म्हणजे मासेमाराच्या घरातला. आयटीआयला फिटर केलं आणि आता गावातच पंक्चर-वेल्डिंगचं दुकान चालवतो. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर तुमच्या प्रकल्पांच्या बातम्या वाचतो. अंध माणसाला वाट दाखवणारी काठी, मोबाइलवरून चालू होणारा मोटारपंप, चालता चालता वीज तयार करणारा बूट. मला या बातम्या मनापासून आवडतात, काही कापून दुकानात लावल्या आहेत. म्हणूनच हे पत्र. तुमच्यासाठी माझ्याकडे एक काम आहे. मी स्वतः ते करून पाहिलं आणि जमलं नाही.

आमच्याकडे तलाव किती आहेत ते तुम्हाला ठाऊक असेल. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं बांधलेले, पुढं मालगुजारांच्या (सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या) ताब्यात राहिलेले आणि १९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपल्यावर सरकारकडे गेलेले. पूर्व विदर्भात असे मालगुजारी तलाव ६ हजारांहून जास्त आहेत. या तलावांच्या पाण्यावर धान होतो, आणि तलावाच्या आत आमचं पोट आहे : मासळी, शिंगाडे, कमळाचे कंद. आषाढ-श्रावणात शिंगाड्याचे वेल लावायचे, दिवाळीच्या आगेमागे तोडणी सुरू करायची, ती थंडी कडक होईपर्यंत. पाणी कमरेला, कधी छातीला. खोल पाण्यात डोंगा नाहीतर ट्रकच्या टायरची ट्यूब. पण निम्म्याहून जास्त काम पायावरच होतं, आणि तो पाय उघडा असतो.

आता गमबुटाची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका योजनेतून गावात गमबूट वाटले. गुडघ्यापर्यंतचे, काळे, जाड तळव्याचे. माझ्या बापाला फार आनंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आमच्या पायाचा विचार केला होता. दुसऱ्याच दिवशी तो ते घालून शिंगाड्यात उतरला. पाणी मांडीला होतं, तेव्हाच बूट वरून भरले. पंधरा-वीस पावलं गेला आणि डावा पाय गाळात बसला. तो ओढायला उजव्या पायावर जोर दिला, तर तोही बसला. पाणी छातीला. मागून येणाऱ्या काकानं ट्यूब पुढं ढकलली. बापानं ती दोन्ही हातांनी कवटाळली आणि पाय हिसकत राहिला. शेवटी डाव्या बुटातून पाय निघाला, बूट खालीच राहिला. उजवा बूट पायासकट आला.

तलावाच्या पाळीवर (बांधावर) येऊन बसला तेव्हा तो थरथरत होता. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "गाळ बुटाले सोडत नाही, अन् बूट पायाले सोडत नाही."

पुढच्या उन्हाळ्यात तलाव आटला तेव्हा तो डावा बूट सापडला. भेगाळलेल्या चिखलात सरळ उभा होता, आत गोगलगायींचे शंख. मी तो कापून पाहिला. बुटात दोष काहीच नव्हता. तो कारखान्याच्या फरशीवर, गोठ्यात, नालीच्या कामात घालायचा बूट होता. चूक फक्त एवढीच की तो तलावात उतरवला गेला.

बूट का बसतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. ओल्या गाळात तळवा दाबला की खालचं पाणी आणि हवा बाजूला सरते. पाय उचलायला गेलं की खाली पोकळी होऊ पाहते, पण ती भरायला हवा पोचत नाही, पाणीही लवकर पोचत नाही. मग वरचा सगळा दाब त्या तळव्याला खाली धरून ठेवतो. उघडा पाय बोटं हलवतो, टाच फिरवतो, कडेनं पाण्याला वाट करून देतो आणि सुटतो. बुटाचा सपाट, ताठ तळवा यातलं काहीच करू शकत नाही. हे बघायला मी मासळी तोलायचा लटकता काटा बुटाला बांधून गाळातून वर ओढला होता. उघड्या पायाला बांधला तेव्हा काटा जरासा हलला. बुटाला बांधला तेव्हा शेवटाला जाऊन टेकला.

भरलेल्या बुटाबद्दल एक गैरसमज मात्र काढून टाका. बुटात पाणी भरलं की तो दगडासारखा खाली ओढतो, असं आमच्याकडेही म्हणतात. पाण्याच्या आत पाण्याचा भार लागत नाही. जीव जातो तो दुसऱ्या कारणानं : भरलेला बूट हलवताना ते सगळं पाणी सोबत हलवावं लागतं, पाय झपकन मारता येत नाही, आणि डोंग्यावर किंवा पाळीवर चढायला पाय पाण्याबाहेर काढला की त्या पाण्याचा सगळा भार अंगावर येतो. दमलेला माणूस तिथंच हात सोडतो.

माझा बाप शाळेत फार गेला नाही, पण या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यानंच मला दाखवलं. एकदा पाळीवर बसलो असताना म्हणाला, "म्हैस पाय कशी उचलते, पाह्य." मी नीट पाहिलं. म्हशीचा खूर दोन फाकांचा. गाळात दाबला की फाका उघडतात, पाय रुंद होतो, कमी खचतो. उचलला की फाका मिटतात, पाय अरुंद होतो, कडेनं पाणी शिरतं आणि पाय पुच्‌ असा आवाज करून मोकळा होतो. बदकाचा पडदाही तसाच, मागं लोटताना पसरतो आणि पुढं घेताना मिटतो. आणि आमच्या शिंगाड्याच्या पानांवरून कमळपक्षी चालतो तो लांब बोटांच्या जोरावर, एवढासा भार तो चार पानांवर वाटून देतो.

म्हणजे हवा तो जोडा दाबताना पसरला पाहिजे आणि उचलताना मिटला पाहिजे. मी तसा करून पाहिला. जुन्या टायरचा तळवा कापला, दोन्ही बाजूंना पट्ट्या ठेवल्या आणि त्या दाराच्या छोट्या कब्जांनी जोडल्या. दुकानासमोर बादलीतल्या चिखलात तो झकास चालला. तलावात दहा पावलांत कब्जांमध्ये शेवाळ आणि शिंगाड्याच्या मुळ्या गुंतल्या, पट्ट्या उघड्याच राहिल्या, आणि तो जोडा गमबुटापेक्षाही वाईट अडकला. कंबरेला दोरी बांधली होती म्हणून काळजी नव्हती. नंतर कब्जे काढून नुसत्या ट्यूबच्या रबराच्या लवचिक पट्ट्या लावल्या. त्या मिटत होत्या छान, पण पसरून उभ्या राहीनात, भाराखाली दुमडायच्या. एका बाजूनं ताठ आणि दुसऱ्या बाजूनं लवचिक असं रबर ओतायला साचा लागतो, रबराची समज लागते. माझं ज्ञान तिथं संपतं आणि तुमचं सुरू होतं. नागपूरच्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमध्ये १९४२ पासून रसायन-तंत्रज्ञान शिकवतात, प्लॅस्टिक आणि पॉलिमरही. वर्ध्यात ग्रामीण उद्योगांसाठीच उभी केलेली महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. नागपुरातच पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे. हे सगळं आमच्या तलावापासून एका दिवसाच्या वाटेवर आहे.

पाण्यावरचे जोडे म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात पहिल्यांदा तरंगणारा जोडा येतो. लिओनार्दो द विंचीच्या 'कोडेक्स अटलांटिकस' या हस्तलिखितातही पायांना तरंगते ठोकळे लावून, हातात काठ्या घेऊन पाण्यावर उभा राहिलेला माणूस काढलेला आहे. हिशेब करून पाहा. ५५ किलोच्या माणसाला पाण्यावर धरायला साधारण ५५ लिटर पाणी बाजूला सारावं लागतं, आणि पाऊल टाकताना सगळा भार एकाच पायावर येतो, म्हणजे प्रत्येक जोडा तेवढा मोठा हवा. असं काही पायात घालून शिंगाडे तोडता येत नाहीत. त्याहून मोठी गोष्ट ही की पायाला तरंगतं काही बांधणं जिवावरचं आहे. माणूस पडला की पाय वर येतात आणि डोकं खाली जातं. तरंगणारं जे असेल ते छातीला बांधावं. पायातला जोडा पायाएवढाच मुका असावा, तो वर ओढू नये की खाली ओढू नये. पोहण्याचे पंखही आमच्या कामाचे नाहीत. फ्रान्सच्या लुई द कोर्लिए यानं १९३३ मध्ये ज्याचं पेटंट घेतलं तो पंख पोहणाऱ्यासाठी उत्तम, पण त्यानं गाळात धड चार पावलं चालता येत नाही.

आता पायाखाली काय काय असतं ते सांगतो, कारण प्रयोगशाळेत हे दिसणार नाही. शिंगाड्याचे काटे तर आहेतच, गेल्या हंगामातले, काळे पडलेले, गाळात तोंड वर करून बसलेले. बेशरमचे खुंट असतात, ते पाण्याखाली कापलेल्या बांबूसारखे टोकदार राहतात. शिंगी मासळीचा काटा लागला की हात-पाय रात्रभर ठणकतो. जळवा असतात. गणपती आणि शारदा-दुर्गेच्या विसर्जनानंतर सांगाड्यांचे बारीक खिळे, तारा असतात, आणि अलीकडे पाळीवर बसून पिणाऱ्यांच्या फुटक्या बाटल्या. यासाठी तळव्यात भोसकलं जाणार नाही असा थर हवा. पण तो जाड नको. हे मी पुन्हा सांगतो, कारण इथंच सगळे चुकतात. आमचा तळवा हाच आमचा डोळा आहे. पाणी गढूळ असतं, खालचं काही दिसत नाही. कुठं मुरूम आहे, कुठं नुसता लोणी-गाळ आहे, कुठं खड्ड्याची कड आली हे तळव्याला कळतं. आबाजीच्या, म्हणजे आजोबाच्या वेळी तलाव ताटासारखा हळूहळू उतरता होता. आता माती-मुरुमासाठी यंत्रानं खणलेले सरळ कडांचे खड्डे पाण्याखाली लपलेले असतात. एक पाऊल कमरेएवढ्या पाण्यात, पुढचं पुरुषभर पाण्यात. जो पाय चाचपत जातो तो कडेवर थांबतो. जाड तळव्याच्या बुटातला पाय थांबत नाही. कारखान्यांच्या सुरक्षा-बुटांत आता पोलादी पत्र्याऐवजी घट्ट विणलेल्या कापडाचा थर घालतात, तो खिळा अडवतो आणि वाकतोही. तसलं काही पातळ करून वापरता येईल का, ते तुम्ही बघा.

आणि जोडा काढता आला पाहिजे. पाण्याखाली, एका हातानं, न बघता, एका ओढीत. माझ्यासाठी ही पहिली अट आहे, पसरण्या-मिटण्याच्याही आधीची. तुमचा जोडा कितीही हुशार असला तरी एखाद्या दिवशी तो अडकणारच. त्या दिवशी माणसानं जोडा तिथं सोडून वर यावं.

तलावाचं सांगून झालं, पण माझी माय म्हणेल माझं काय. ती तलावात उतरत नाही, ती रोवणीला, म्हणजे धानाची रोपं लावायला जाते. आषाढ लागला की महिना-सव्वा महिना, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत घोट्याभर-पोटरीभर चिखलात. संध्याकाळी ती पाय धुऊन चुलीसमोर बसते आणि बोटांच्या बेचक्या उघडून दाखवते. कातडी पांढरी, भिजलेल्या कागदासारखी, मधोमध लाल चीर. चिखल्या. रात्री मेंदीचा पाला वाटून लावते, सकाळी तो धुऊन पुन्हा त्याच बांधीत, धानाच्या शेतात. त्या चिरांमधून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शिरू शकतात, उंदरांच्या मुतातून ते बांधीतल्या पाण्यात येतात. धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) बिळांत साप असतो तो वेगळाच.

तिला गमबूट का चालत नाही, हे मी एकदा बांधीत उतरून बघितलं. रोवणी करणारी बाई मागं मागं सरकते. वाकलेली असते, डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी, उजव्या हातानं रोप लावायचं, आणि पाय टाचेकडून मागं. सगळे बूट पुढं चालण्यासाठी बनवलेले असतात. मागं पाय घेताना गमबुटाची टाच चिखलात नांगरासारखी रुतते आणि बाई मागच्या मागं बसते. दुसरं असं की मोठा तळवा मोठा खड्डा पाडतो, त्या खड्ड्यात रोप ठरत नाही, तरंगून वर येतं, आणि मग मालकाची बोलणी. म्हणजे तलावातला पसरणारा जोडा बांधीत कामाचा नाही. बांधीत पायाच्या मापाचा, अंगालगत बसणारा, गोल टाचेचा जोडा हवा. हे अशक्य आहे असं मानू नका. जपानमध्ये रोवणीसाठी पातळ रबराचे, पोटरीला घट्ट बसणारे बूट मिळतात, चिखल ते ओढून घेत नाही. तिथंच शिझुओका शहरातल्या तोरो इथल्या उत्खननात, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या भातशेतीच्या जागी, चिखलात खचू नये म्हणून पायाला बांधायच्या लाकडी फळ्या सापडल्या आहेत. त्यांना 'तागेता' म्हणतात. इतक्या जुन्या काळी तिथल्या कुणीतरी चिखलातल्या पायाचा विचार केला होता.

आमच्या भागातही असा विचार करणारी माणसं होऊन गेली. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी आपल्या बांधीतल्या वेगळ्या लोंब्या निवडून धानाचं नवं वाण तयार केलं, आणि हातातल्या घड्याळावरून ते एचएमटी झालं. आज तुमच्यातले कितीतरी जण तो भात जेवत असतील. त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती, बांधी होती. तुमच्याकडे प्रयोगशाळा आहे, बांधी आम्ही देतो.

पैशांचंही बोलून घेतो. शेतकऱ्याचा पाण्यात बुडून किंवा साप चावून जीव गेला तर गोपीनाथ मुंडे योजनेतून घरच्यांना २ लाख मिळतात, पण त्यासाठी घरात सातबारा लागतो. बहुतेक ढिवरांच्या घरात सातबारा नाही, तलाव मासेमारांच्या संस्थेच्या नावानं ठेक्यावर असतो. मासेमारांसाठी मत्स्यसंपदा योजनेत अपघात विमा आहे, मृत्यूनंतर ५ लाखांचा. तो असावाच. पण हे सगळे पैसे माणूस गेल्यावर येतात. मी ज्या जोड्याची गोष्ट करतोय त्याची किंमत रोवणीच्या दोन-तीन दिवसांच्या मजुरीत बसली पाहिजे, नाहीतर तो वाटपातून येईल आणि माळ्यावर जाऊन पडेल. रात्रीत वाळला पाहिजे, नाहीतर चिखल्या वाढतील. आणि फाटला तर माझ्यासारख्या पंक्चरवाल्याला जोडता आला पाहिजे.

सर-मॅडम, तुम्हाला एक विनंती. हा प्रकल्प दिलात तर चाचणी पोहण्याच्या तलावात घेऊ नका. तिथं खाली फरशी असते, तिथं कोणताही जोडा पास होतो. आमच्याकडे या. उतरणाऱ्याच्या अंगात लाइफ जॅकेट, कंबरेला दोरी, दोरीच्या टोकाला पाळीवर दोन माणसं आणि बाजूला डोंगा, एवढं असल्याशिवाय आम्ही कुणाला उतरू देणार नाही. मासळी तोलायचा तो काटा माझ्याकडे आहे. उघडा पाय, गमबूट आणि तुमचा जोडा, तिन्ही एकाच जागी ओढून बघू. सेन्सर, बॅटरी, मोबाइल हे सगळं नंतर लावा हवं तर, आधी तळवा जमू द्या. रोवणी बघायची तर जुलैत या, शिंगाड्याची तोडणी बघायची तर दिवाळीनंतर. मुलींनी नक्की यावं, कारण बांधीत उतरणाऱ्या सगळ्या बायाच आहेत आणि पायाचं दुखणं त्या तुमच्यापाशी जास्त मोकळेपणानं सांगतील.

या पत्रासोबत अकरा कागद आहेत. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आमच्या गल्लीतल्या अकरा जणांचे पाय पेन्सिलनं काढले आहेत, सात बायांचे आणि चार पुरुषांचे. पाय ओले करून, पूर्ण भार देऊन उभं केलं आणि मग रेघ मारली, कारण भाराखाली पाय पसरतो. जन्मभर अनवाणी राहिलेल्या या पायांचा पुढचा भाग दुकानातल्या बुटांच्या मापापेक्षा रुंद आहे, अंगठा बाजूला फाकलेला आहे. साचा कराल तर या कागदांवरून करा, बुटाच्या नंबरावरून नको. चौथ्या कागदावर अंगठ्याजवळ तुटलेली रेघ दिसेल. तिथं मायनं पाय आखडून घेतला होता, चिखलीला पेन्सिल लागली म्हणून.

आपला,
तलावाच्या पाळीवरचा एक पंक्चरवाला
तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया